टेबलाची काच आणि बाबांची मूठ

आमच्या घरात काच पुसायचं फडकं कुणी दुसऱ्या कशाला वापरलं, तर मला लगेच कळतं. नवरा म्हणतो, ते फडकंच येऊन हिच्याकडे चहाडी करतं. म्हणू दे. नागपुरात मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा जेवणाचं टेबल काचेचं घ्यायचं, हा हट्ट माझा होता आणि पुढे त्याची उस्तवारही मीच अंगावर घेतली. जेवायची खोली लहान, खिडकी एकच. लाकडी टेबल ठेवलं असतं तर तिथे श्वास घ्यायला जागा उरली नसती. काचेतून खालची फरशी दिसते, खोली मोठी वाटते. आलेगेले लोक म्हणायचे, छान आहे हो टेबल. मी वरवर म्हणायची, पुसून पुसून जीव जातो. आतून मात्र फुलून यायची.

या हट्टामागे एक भीतीही होती. लग्नानंतर आम्ही नंदनवनला भाड्याच्या घरात राहायचो. तिथे काचेची एक टीपॉय होती, साध्या काचेची. उन्हाळ्यातली सकाळ, समोर कूलर सुरू, टीपॉयवर थंड वाऱ्याचा झोत. मी गॅसवरून पोह्यांची कढई उचलली आणि सरळ त्या काचेवर ठेवली. टक् असा एक आवाज झाला. काचेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ गेली आणि बघता बघता अर्धी काच कढईसकट खाली आली. सुरीसारखे लांब तुकडे होते. मुलगी तेव्हा रांगायची, नशिबानं शेजारच्या खोलीत होती. पुढे कित्येक महिने कपाटाखालून, गादीच्या शिवणीतून कण सापडत राहिले. मी रोज गुडघ्यावर बसून, ओल्या कापसानं फरशी टिपायची. त्या दिवसांत जी धास्ती मनात बसली, ती अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून या वेळी टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली जाड काच घेतली आणि घरात कायदे केले. गरम भांडं चुंबळीशिवाय ठेवायचं नाही. भांडं सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं. काच पुसताना आधी कोरड्या मऊ फडक्यानं धूळ काढायची, कारण धुळीवरच ओलं फडकं फिरवलं की बारीक चरे पडतात आणि ते कायमचे. मग पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून, फडकं घट्ट पिळून, एकाच दिशेनं पुसायचं. आमच्याकडे बोअरचं पाणी. कूलर सुरू झाले की त्याच्या ओलसर वाऱ्यानं काचेवर पांढरट ठिपके धरतात, जोडीला वाळ्याचे तुकडे उडून येतात. त्या तीन महिन्यांत मी दिवसातून दोनदा पुसते. काचेखाली सांगाड्यावर रबराची बटणं असतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ती चपटी होऊन चिकट होतात, म्हणून तीही दर वर्षी बदलून घेते. आणि जेवणं झाली की सगळ्या खुर्च्या टेबलाखाली नीट आत ढकलायच्या, हेही माझं. बाहेर आलेली खुर्ची मला बघवत नाही.

एवढं सगळं सांगितलं, कारण त्या काळात मी स्वतःला या विषयातली फार मोठी जाणकार समजत होते.

गेल्या वर्षी बाबा आमच्याकडे आले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. उमरेडच्या पुढे आमचं गाव आहे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. धाकटा भाऊ नोकरीला पुण्यात, शेत बटईनं, वाट्यानं दिलेलं आणि बाबा त्या घरात एकटे. भाऊ बोलावून थकला, त्यांना पुणं मानवत नाही. मी कितीदा म्हटलं, माझ्याकडे या, कायमचे या. पण लेकीच्या घरी राहणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. आमच्या आजोबांच्या काळात बाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचा नाही. बाबा तेवढे जुने नाहीत, जेवायचे, पण यायचे तेव्हा तुरीची डाळ, जवस, गावरान टमाटर अशी पिशवी हातात असायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत. एवढ्या वर्षांत ते माझ्याकडे सलग तीन दिवस राहिले नव्हते. ऑपरेशननंतर दीड महिना डोळ्यात थेंब टाकायचे, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. दीड महिन्यात त्यांना या घराची सवय लागेल आणि मग ते राहतील, असा माझा बेत होता. माझ्या आयुष्यात तेव्हा याहून मोठी इच्छा नव्हती.

ऑपरेशन होऊन घरी आले त्या पहिल्याच संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या आवडीचं केलं. झुणका, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. आम्ही चौघं टेबलावर बसलो. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेले बाबा. त्यांनी विचारलं, "कांदा हाय का वं?"

मी टोपलीतला एक कांदा दिला. झुणक्याबरोबर कांदा कापून खायचा, हे माझ्या माहेरी कुणाला ठाऊकच नव्हतं. कांदा जमिनीवर ठेवायचा, वर मूठ हाणायची, तो फुटला की पाकळ्या सुट्या करायच्या. कापलेला कांदा उग्र लागतो, फोडलेला गोड लागतो, असं बाबा म्हणत. शेतात धुऱ्यावर, घरात चुलीपाशी, मी त्यांना असंच खाताना पाहिलं होतं. त्यांनी कांदा ताटाच्या बाजूला काचेवर ठेवला, डाव्या हातानं धरला आणि उजवी मूठ वर नेली.

"बाबा, काच!"

मी एवढ्यानं ओरडले की मुलीच्या हातातला घास खाली पडला. बाबांची मूठ वरच थांबली. ती तशी थांबलेली मला अजून दिसते. मग त्यांनी हात हळूच खाली आणला, कांदा उचलला आणि माझ्याकडे दिला.

"हो वं. ध्यान नाई राह्यलं," एवढंच म्हणाले.

ते बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. ते मी तेव्हा टिपलं, पण त्याचा अर्थ लावायला थांबले नाही. कांद्याच्या चकत्या केल्या, वर लिंबू पिळलं, ताटलीत मांडून आणल्या. काच वाचली म्हणून मला हायसं वाटलं होतं. बाबांनी दोन चकत्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते टेबलाशी फार जपून वागू लागले. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता टेकवायचे. उठताना टेबलाचा आधार घ्यायची त्यांची सवय, मी म्हटलं, "बाबा, किनारीवर भार देऊ नका, खुर्चीचा हात धरा." ते तसं करू लागले. जेवताना एक पाय खुर्चीवर दुमडून बसायचे, गावी असेच बसतात. पण काचेतून सगळंच दिसतं. एकदा जावयाची नजर तिकडे गेली, सहज गेली असेल, आणि बाबांनी पाय खाली सोडला. मग रोज दोन्ही पाय खाली जोडून, परीक्षेला बसल्यासारखे बसायचे.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्या जाणकार बाईला सुचायला हवी होती, ती सुचली नाही. ज्याला नीट दिसत नाही त्याला काचेची किनार दिसत नाही. एक डोळा झाकलेला, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला. टेबल कुठे संपतं हे बाबांना कळणार कसं? पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी भरलेला स्टीलचा पेला ठेवला तो टेबलाच्या बाहेर, हवेत. पेला फरशीवर आदळला, पाणी जावयाच्या पँटवर उडालं.

"बाबा, पाहून ठेवा ना जरा," मी म्हटलं. आवाज चढलेला होता. मी शाळेत शिकवते, आवाज कधी चढतो ते माझं मलाही कळत नाही.

नवरा म्हणाला, "अगं, पाणीच तर आहे." बाबा खांद्यावरचा पंचा घेऊन फरशी पुसायला वाकू लागले, वाकायची बंदी असताना. मी त्यांच्या हातातून पंचा ओढून घेतला. तोही जरा जोरातच घेतला असेन.

त्यानंतर दोन दिवसांनी ते म्हणाले, "मले लवकर भूक लागते वं. गावी दिवस मावळला का जेवतो मी. तुमच्यासाठी थांबलो तर पित्त होते."

मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचंही होतं. मी सात वाजता त्यांचं ताट त्यांच्या खोलीत द्यायला लागले. ते पलंगावर बसून, ताट स्टुलावर ठेवून जेवायचे. आम्ही नऊला टेबलावर जेवायचो. मुलीनं एकदा विचारलं, "आजोबा आपल्याबरोबर काहून नाही जेवत?" मी म्हटलं, त्यांना गावची सवय आहे. ती म्हणाली, "पहिले तर जेवत होते." मी तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं. उत्तर नसलं की मी लोकांना अभ्यासाला बसवते.

पंचवीसेक दिवस असे गेले. बाबांचे थेंब दिवसातून चार वेळचे दोन वेळांवर आले. एका सकाळी त्यांनी कॅलेंडरपाशी उभं राहून मुलीला विचारलं की दीड महिना कोणत्या वाराला भरतो. मला ते ऐकू आलं. ते दिवस मोजत होते. मी इतकं करते, वेळेवर थेंब टाकते, मऊ भात करते, आणि यांना माझ्याकडून जायचंच आहे. मला राग आला त्यांचा. तसं म्हटलं तर रोजचाच तो राग, प्रेमातला.

त्याच आठवड्यात एके दिवशी शाळा लवकर सुटली. मी एरवी अडीचला घरी येते, त्या दिवशी बारालाच आले. किल्लीनं दार उघडलं. बाबा खोलीत नव्हते. मागच्या गॅलरीचं दार लोटलेलं होतं, आतून थप्, असा एक दबका आवाज आला. थोडं थांबून पुन्हा थप्.

बाबा गॅलरीत जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर सकाळची भाकर, तेल-तिखट. आणि बाजूला फरशीवर त्यांचा पंचा, चार घड्या घातलेला. त्या पंच्यावर कांदा होता. आवाज खालच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून पंचा अंथरला होता. पण मऊ घड्यांवर कांदा काही धड फुटत नव्हता, म्हणून ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मूठ मारत होते, हळूहळू, बेतानं.

मला पाहून ते दचकले. पंच्याचं टोक त्यांनी उचललं आणि खालची फरशी मला दाखवली.

"फरशी हाय वं इथं," ते म्हणाले. "काच नाई."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक म्हणाले, की जेवा तुम्ही. मी आत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून बैलबाजार दाखवला होता, तो माझ्या घरात चोरून जेवत होता आणि पकडला गेल्यावर मला पुरावा दाखवत होता. माझी मला लाज वाटली. अशी लाज, जी कुणाला सांगून हलकी होत नाही.

पण मी मास्तरीण. रडून झाल्यावर लगेच उपाय शोधायला निघाले. त्याच संध्याकाळी नंदनवनला, जिथून ही काच घेतली होती त्या दुकानात गेले. म्हटलं, काचेवर टाकायला काही जाड रबरी चटई मिळते का विचारावं, म्हणजे बाबांना टेबलावर कांदा फोडता येईल. दुकानदार पन्नाशीचा, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. मी सगळं सांगितलं तसा तो हसला.

"मुठीनं नाही फुटत जी हे," तो म्हणाला. मागे मांडीएवढ्या उंच सांगाड्यावर एक तयार काच आडवी ठेवलेली होती. त्यानं मूठ वळली आणि तिच्या मधोमध दणकन हाणली. मी डोळे मिटले. उघडले तर काच होती तशी होती. "बारा मिलीमीटरची टफन. मधी माणसाच्या हातानं काही होत नाही. म्हणून रोज हाणत नका बसू म्हणा. पण भ्याचं काम नाही. किनारीले जपा फक्त. किनारीले चमचा लागला तरी फुटू शकते. टेबल कसं आहे तुमचं? फोटो आहे का?"

मी मोबाइलमधले फोटो दाखवले. दिवाळीत पुसून लख्ख केल्यावर काढलेले होते. त्यानं एक फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला.

"हे काय झालं जी इथं?"

किनारीवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता. शेजारी आणखी दोन, बारीक. रोज पुसणाऱ्या बाईला ते कधी दिसले नव्हते.

"खुर्च्या लोखंडाच्या आहेत का? पाठ उंच?"

"हो."

"रोज आत ढकलत असान. टेकते ती जाऊन किनारीले." त्यानं हाताच्या कडेवर बोटाचा टोला मारून दाखवला. "कोण ढकलते?"

मी सांगितलं नाही. त्याला कळलं असावं, कारण त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. टफन काच घासून दुरुस्त करता येत नाही, कापताही येत नाही, ते त्यानं समजावलं. टवका उडालेली काच दोन वर्षं टिकेल किंवा उद्या कुणी हातही न लावता फुटेल, भरवसा नाही. तुकडे बारीक होतात, सुरीसारखे नसतात, पण घरात म्हाताऱ्या डोळ्यांचं माणूस असताना ठेवू नका, असं म्हणाला. नवी करायला आठ-दहा दिवस लागतील. मी म्हटलं, विचार करून सांगते.

ऑटोत बसल्यावर मला हसू आलं आणि हसता हसता चिडचिडही झाली. दिवाळीचे फोटो, म्हणजे बाबा यायच्या कितीतरी आधीचे. ते यायच्या आधीच माझी काच माझ्याच हातानं कामातून गेली होती. आणि मी तिच्यासाठी त्यांच्यावर ओरडले होते.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी काच काढली. हातात जाड मोजे, पायात बूट. सांगाड्यावरून उचलताना आधी रबराची बटणं सुटी केली, मग दोघांनी मिळून काच उभी केली. आडवी धरून नेली की मधे ताण येतो, उभीच न्यायची. गॅलरीत घडी घातलेल्या चादरीवर टेकवून, भिंतीला लावून ठेवली. सांगाड्यावर पलंगाच्या खणातली एक जुनी प्लाय बसली आणि तिच्यावर मी सोलापुरी चादर अंथरली. टेबल एकदम गावठी दिसू लागलं.

बाबा दारात उभं राहून बघत होते. एव्हाना त्यांच्या डोळ्यावरची पट्टी गेली होती, त्या जागी काळा चश्मा होता.

"काच काहून काढली?"

तुमच्यासाठी काढली म्हटलं असतं तर ते त्याच दिवशी बसस्टँडवर गेले असते, एवढं मला आता कळत होतं. आणि खरं कारण हाताशी होतंच.

"किनारीचा टवका उडाला होता बाबा. माह्याच हातानं. रोज खुर्च्या ढकलू ढकलू."

"तुह्या हातानं?"

"हो."

ते जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापूले माहीत हाय?"

"ते काय, आताच तर उचलू लागले."

"बोलले का तुले?"

मी हसले. या घरात कोण कुणाला बोलतं हे ज्याला माहीत आहे, तो हा प्रश्न ऐकून हसेलच. "ते काय बोलणार मला?" मी म्हटलं आणि चादरीच्या सुरकुत्या काढायला लागले. बाबा हसले नाहीत. ते गॅलरीकडे गेले. तिथे नवरा बूट काढत होता.

दुपारी मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते, नवरा पाणी प्यायला आला आणि पाणी न पिता तिथेच उभा राहिला.

"अगं, बाबा मघा गॅलरीत आले होते. मला म्हणाले, जावईबापू, थो टवका माह्या हातून उडाला. स्टीलचा गिलास लागला माहा. पोरगी माह्यावर पांघरूण घालून राहिली. तिले काही बोलू नका. हात जोडत होते. मी धरला हात."

मी विळी बाजूला केली.

बाबांची एक बहीण होती. सासरी तिच्या हातून चिनी मातीची बरणी फुटली होती, आणि त्यावरून तिला काय काय सोसावं लागलं ते मी लहानपणी घरात ऐकलं होतं. तिच्या माहेरचं माणूस पुढे कित्येक वर्षं तिच्या दारात मान वर करून उभं राहू शकलं नाही. मला ती जुन्या काळची गोष्ट वाटत होती. बाबांना ती तशी वाटत नव्हती. मूठ वर थांबली तेव्हा त्यांनी जावयाकडे पाहिलं होतं, ते का, हे मला त्या वांग्यांच्या फोडींसमोर बसून कळलं. ते रागावले नव्हते, रुसलेही नव्हते. आपल्या हातून इथे काही फुटलं तर लेकीला ऐकून घ्यावं लागेल, या भीतीनं ते टेबलापासून दूर गेले होते. म्हणून खोलीत जेवत होते, म्हणून दिवस मोजत होते. आणि जिची एवढी धास्ती घेतली ती गोष्ट प्रत्यक्ष घडली, तीही माझ्या हातून, तेव्हा त्यांनी ती उचलून स्वतःच्या नावावर घेतली.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार. म्हटलं, बाबा, होतं असं. घरातल्याच माणसाच्या हातून होतं. जुनी झाली होती, काढायचीच होती." मग म्हणाला, "त्यांना खरं सांगायचं का?"

मी मान हलवली, नाही.

त्या रात्री मी सात वाजता ताट वाढलं नाही. बाबांनी मागितलंही नाही. नऊला आम्ही बसलो तेव्हा ते आपण होऊन आले, खुर्ची ओढली, बसले. मी मधे झुणक्याची कढई चुंबळीवर ठेवली आणि शेजारी दोन कांदे, आख्खे. जरा वेळानं नवऱ्यानंच त्यातला एक उचलला, चादर सारून प्लायवर ठेवला आणि मूठ मारली. कांदा उडून मुलीच्या मांडीवर गेला.

"तसं नाई जावईबापू," बाबा म्हणाले. "डाव्या हातानं धरावं लागते."

दीड महिना त्यानंतरच्या आठवड्यात भरला. मी कॅलेंडरकडे बघत नव्हते. त्या दिवशी सकाळी थेंबांची बाटली संपली, डॉक्टरांनी गावी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. दुकानदाराचे दोन फोन येऊन गेले होते, नवी काच सांगू का म्हणून. मी त्याला अजून काही कळवलं नव्हतं.

संध्याकाळी भावाचा पुण्याहून फोन आला. बाबा जेवायच्या खोलीत बसून बोलत होते. त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही, पुणं लांब आहे ना. मी पोळ्या लाटत होते, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"डोया चांगला हाय गा आता," ते सांगत होते. "हो. हो. अन् ऐक, माह्या हातून इथं टेबलाची काच खराब झाली ना. मोठी, जाड काच. माह्या गिलासानं. काढून ठेवा लागली." पलीकडून भाऊ काहीतरी बोलला. "नाई गा. एक शब्द नाई बोलले जावई. तिलेबी नाई बोलले. मी पाहून राहिलो होतो ना." मग पुन्हा थांबले, ऐकत होते. पोळी तव्यावर करपत होती आणि मी लाटणं हातात धरून उभी होते.

"नाई," बाबा म्हणाले. "इतक्यात नाई जात मी गावी."